पेन्शन बाबांची, मेसेज माझ्या फोनवर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे वडील ७३ वर्षांचे आहेत. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले. आई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एकटेच राहतात. मध्यंतरी त्यांना 'मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० वाजता लाइट कापली जाईल' असा मेसेज आला. त्यांनी त्यातल्या नंबरवर फोन केला आणि समोरच्याच्या सांगण्यावरून ॲप उतरवायला लागले. शेजारच्या मुलाने वेळीच थांबवलं म्हणून पैसे वाचले. या प्रकाराने घाबरून वाचक भगिनीने बँकेतला मोबाइल नंबर बदलून स्वतःचा दिला, एटीएम कार्ड स्वतःकडे घेतलं आणि बाबांच्या हाती बटणांचा साधा फोन दिला. गॅस, वीजबिल, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं आता त्याच बघतात. पण बाबा नाराज आहेत. घरी फोनवर सगळं सांगत असूनही दर महिन्याला एसटीने बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात. परवा चिडून म्हणाले, 'पेन्शन माझी, आणि ती जमा झाली हे तू मला सांगणार?' वाचक भगिनी विचारतात, 'हे त्यांच्या सुरक्षिततेसाठीच आहे, हे त्यांना कसं समजावू?'

उत्तर:

बाबांचं ते वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत हे बरं केलंत. त्याच्याखाली तुम्ही लिहिलंय, 'या वयात एवढा अहंकार कशाला?' मला त्या वाक्यात अहंकार दिसला नाही. स्वतःच्या खात्यात काय घडतंय हे दुसऱ्याच्या तोंडून कळतं, एवढीच त्यांची तक्रार आहे. ज्यांनी नोकरीभर काउंटरमागे बसून लोकांच्या पासबुकांत नोंदी केल्या, मनीऑर्डरी घेतल्या, त्यांना हे खुपणारच. त्यामुळे 'कसं समजावू' या प्रश्नाकडे येण्याआधी, समजावायची गरज नक्की कोणाला आहे ते पाहू या.

पैशाच्या कारभारात तीन गोष्टी असतात. काय चाललंय ते कळणं, काय करायचं ते ठरवणं आणि प्रत्यक्ष बटण दाबणं. तुम्हाला धसका बसला तो तिसऱ्या गोष्टीचा, आणि तो रास्त होता. पण त्या गडबडीत तुम्ही तिन्ही उचलून पुण्याला आणल्या. आता बाबांचं वागणं पुन्हा बघा. 'मला फोनवरून पैसे पाठवू दे' असं ते एकदाही म्हणाल्याचं तुमच्या पत्रात नाही. ते बसस्टँडवर जातात, बँकेत रांगेत उभे राहतात आणि पासबुक भरून आणतात. त्यांचं भांडण पहिल्या गोष्टीसाठी आहे. तुम्ही उत्तर देताय तिसऱ्या गोष्टीचं. म्हणून तुमचं दोघांचं जुळत नाहीये.

सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. ओटीपी तुमच्या फोनवर येतो म्हणजे बाबांना कोणी कितीही गोड बोलून विचारला तरी त्यांच्याकडे सांगायला काही नाही, हे खरंच. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ती त्रागा म्हणून लिहिलीत. गॅसवाला सिलिंडर घेऊन बाबांच्या दारात उभा, त्याला कोड हवा, कोड आलाय तुमच्या फोनवर, आणि तुम्ही मीटिंगमध्ये. बाबांचे तीन मिस्ड कॉल. तोवर गॅसवाला पुढच्या गल्लीत. सिलिंडर बाबांचा, पैसे बाबांचे, दार बाबांचं, आणि चार आकडे मात्र पुण्यात. उद्या तुमचा फोन हरवला, तुम्ही आजारी पडलात किंवा परदेशी गेलात, तर हेच पेन्शनच्या खात्याचं होईल. सगळ्याच किल्ल्या एका माणसाकडे असणं ही सोय झाली, सुरक्षितता म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि त्यात ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाचं नुकसान शून्य, चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत, असं त्यात म्हटलंय. हे दिवस मोजायचे ते बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून. ही सूचना सध्या कोणाला मिळते? तुम्हाला. आणि तुम्हीच लिहिलंय की बँकेचे मेसेज इतके येतात की तुम्ही ते म्यूट केलेत. ज्या माणसाला आपल्या खात्यातल्या रुपयान् रुपयाची नोंद हवी आहे, तो मेसेज आल्याबरोबर चश्मा लावून वाचेल. त्याच्याकडे मात्र मेसेजच येत नाही. (ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्याच माथी बसतं. म्हणून कळवायची घाई दोन्ही वेळा करायची.)

तेव्हा माझा पहिला सल्ला ॲपबद्दल नाही, नंबरबद्दल आहे. बाबांना घेऊन शाखेत जा आणि खात्याला त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर पुन्हा लावून घ्या. साधा फोन असला तरी मेसेज त्यावर येतोच. तुम्हालाही लक्ष ठेवायचं असेल, आणि ठेवायलाच हवं, तर व्यवहाराची सूचना ईमेलवरही येते का ते त्याच फेरीत विचारा. बऱ्याच बँका देतात. ईमेल तुमचा द्या, बाबांच्या संमतीने आणि त्यांच्यासमोर. मग नंबर त्यांचा, ओटीपी त्यांना, आणि बातमी दोघांनाही. आजची तुमची मांडणी बरोबर याच्या उलट आहे.

'मग ओटीपी पुन्हा त्यांच्याकडे आला की!' हो, आला. म्हणून दुसरी गोष्ट त्याच दिवशी करा. पेन्शन ज्या खात्यात येते त्या खात्याला फोनवरून पैसे पाठवायची सोय जोडूच नका. नेट बँकिंग सुरू असेल तर बंद करायला सांगा किंवा मर्यादा अगदी खाली आणा. कार्डाचंही तसंच. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर हे वेगवेगळं चालू-बंद करता येतं, मर्यादाही ठरवता येते. २०२० पासून बँकांना ही सोय द्यावीच लागते. मग महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवायला एक लहान वेगळं खातं उघडा. फोनवरचं जे काही शिकायचं, चुकायचं ते या खात्यावर. यात चार हजार असतील तर जास्तीत जास्त चार हजारच जातील, आणि ही गोष्ट बाबांना तुमच्यापेक्षा लवकर पटेल. ज्येष्ठांनाच नव्हे, कोणालाही मी हेच सांगते. आयुष्याची पुंजी ज्या खात्यात आहे त्याच खात्यावरून भाजीवाल्याचा कोड स्कॅन करायची काही गरज नसते.

इथे एक तांत्रिक गोष्ट. यूपीआयचं ॲप पहिल्यांदा सुरू करताना ते त्या फोनमधल्या सिमवरून एक मेसेज पाठवून बघतं, की बँकेत नोंदवलेला नंबर हाच का. त्यामुळे खात्याला तुमचा नंबर असेल तोवर बाबांनी कितीही चांगला फोन घेतला तरी त्यांचं ॲप सुरू होणार नाही. पुष्कळ घरांत 'बाबांना जमत नाही' असं म्हणतात, तेव्हा खरं कारण हे असतं.

आता एटीएम कार्ड आणि पिन. बाबांचं कार्ड तुमच्या पर्समध्ये आहे, पिन तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही पुण्यात पैसे काढून गावी पाठवता. तुमचा हेतू स्वच्छ आहे, पण कार्ड दुसऱ्याने वापरणं बँकेच्या अटींत बसत नाही. उद्या काही वाद झाला, भावंडांत शंका निघाली, तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद एकही नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनचं खातं जोडीने ठेवायचं तर ते फक्त पती-पत्नीचंच चालतं, पण बाबांची इच्छा असेल तर खर्चाच्या त्या लहान खात्यावर तुमचं नाव जोडीने लावता येतं, 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणीही खातं चालवू शकतं. नाहीतर त्या खात्यापुरतं ते तुम्हाला लेखी अधिकारपत्र देऊ शकतात. दोन्हींत तुम्ही उघडपणे, तुमच्या सहीने व्यवहार करता. मात्र हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही. पैशाच्या कारभारातल्या तीन गोष्टींपैकी ही दुसरी, ठरवण्याची. शाखेत जालच तेव्हा नॉमिनी कोण आहे हेही बघून घ्या. आई गेल्यावर ते नाव बदललं नसण्याची शक्यता मोठी आहे. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

स्मार्टफोन परत द्यावा का, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यांना हवा असेल तर द्या. नको असेल तर मागे लागू नका. 'आता सगळं ऑनलाइन आहे, शिकावंच लागेल' हे वाक्य आपण इतक्या सहज फेकतो की ते खरं आहे का, हे तपासत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगून ठेवलंय, की ७० वर्षांवरच्या ग्राहकांना रोकड देणं-घेणं, केवायसीचे कागद, हयातीचा दाखला अशा सेवा घरपोच द्याव्यात. तुमचे बाबा त्यात बसतात. शाखेत अर्ज करा, शुल्क किती ते विचारा. काउंटरवर 'असं काही नसतं' म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांकडे जा. दाखल्यासाठी पोस्टमनही घरी येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा ७० रुपयांत मिळते. आपल्याच खात्याचा माणूस आपल्या ओट्यावर बसून दाखला करून देतोय, हे बाबांना फोनच्या कॅमेऱ्यासमोर मान वळवण्यापेक्षा जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

कॅमेऱ्यावरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात अंगठा जुळेना, म्हणून चेहऱ्याने दाखला केला, आणि बाबा चारदा डोळे मिचकावून कंटाळले. वयानुसार बोटांच्या रेषा झिजतात, त्यात त्यांची चूक नाही आणि तुमचीही नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, त्यांच्यासाठीची ऑनलाइन केवायसी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं. यंत्राला माणूस ओळखता आला नाही तर दुसरा मार्ग द्यायची जबाबदारी सेवा देणाऱ्याची असते. आपण मात्र म्हाताऱ्या माणसावर वैतागतो.

समजा, बाबांना फोन हवाच आहे. मग शिकवताना एक पथ्य पाळा, फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. आपली शिकवण्याची पद्धत ठरलेली असते. 'द्या इकडे, हे बघा, असं, असं, झालं.' आपलं बोट चार ठिकाणी फिरतं, समोरचा मान डोलावतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. फोन त्यांच्याकडे, तुमचे हात मागे, आणि चुकीचं बटण दाबलं तर दाबू द्या, मागे कसं यायचं हीच शिकण्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. फोनची भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, पहिल्या पडद्यावर चारच ॲप ठेवा. सुरुवात पैसे पाठवण्यापासून नको. पहिला धडा मेसेज वाचणं. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज कसा दिसतो, त्यात 'क्रेडिट' कुठे लिहिलंय, 'डेबिट' कुठे, शिल्लक कुठे. ज्यांनी आयुष्यभर जमा-नावे लिहिलं त्यांना हे एका बैठकीत येईल. दुसरा धडा गॅसचा कोड. पाठवणं त्यानंतर, स्वतःच पुढे होऊन विचारतील तेव्हा.

वहीत टप्पे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावेत. पिन सोडून.

आणि फसवणुकीबद्दल दहा सूचनांची यादी देऊ नका. एकही लक्षात राहत नाही, भीती मात्र दहापट वाढते. त्या रात्रीचा प्रसंग पुन्हा आठवा. बाबा फसत होते ते फोन कळत नव्हता म्हणून नव्हे. बिल थकलंय याची लाज, आणि साडेनऊपर्यंतची घाई, या दोन गोष्टींनी त्यांना पकडलं. मोठ्या पगाराचे, लॅपटॉपवर दिवसभर काम करणारे लोकही 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनवर अशाच घाईत पैसे पाठवून बसतात, कायद्यात अशी अटकच नसताना. म्हणून घरात एकच नियम ठेवा: फोनवर कोणी बोलत असताना पैशाचं काहीही करायचं नाही. फोन ठेवायचा, आणि ज्याचं नाव सांगितलं त्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण फोन करायचा. लाइटबिलाचा नंबर बिलाच्या कागदावर असतो, बँकेचा पासबुकावर. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढं वाक्य जोडीला पुरे. तरीही काही झालंच, तर १९३० हा सायबर फसवणूक कळवण्याचा सरकारी नंबर. आधी तो, मग बँक, मग तुम्ही. बाबांना हे स्पष्ट सांगा, की मुलीला काय वाटेल म्हणून तासभर थांबू नका. त्या तासात पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पोचलेले असतात. मागच्या वेळी तुम्ही त्यांच्यावर रागावलात, असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी ते तुमच्यापासून लपवतील, मला याची काळजी जास्त वाटते.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी काही जणांनी पाठवलीत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एकीने विचारलंय की 'यूपीआय सर्कल'ने हे सुटेल का. त्यात एकाच्या खात्यातून दुसऱ्याला आपल्या फोनवरून पैसे देता येतात. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपये आणि एका वेळी ५,००० ही मर्यादा, नाहीतर प्रत्येक व्यवहाराला मूळ खातेदाराची मंजुरी. घरी येणाऱ्या मदतनीसाला किंवा कॉलेजातल्या मुलाला हे छान. पण स्वतःची पेन्शन असलेल्या वडिलांना मुलीच्या खात्यातून खर्च करायला लावणं म्हणजे पुन्हा तेच दुखणं. उलट बाबा मूळ खातेदार आणि तुम्ही त्यांच्या वतीने किराणा मागवणाऱ्या, असं करता येईल.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. आईवडिलांना खरोखर विसरायला होत असेल, एकच बिल दोनदा भरलं जात असेल, कोणाला पैसे दिले ते आठवत नसेल, तर वरचं सगळं तसंच लागू होत नाही. तिथे कारभार हातात घ्यावाच लागतो, आणि जितक्या लवकर कागदोपत्री घ्याल तितकं बरं. संमतीची सही माणूस समजून करू शकतो तोवरच तिला अर्थ आहे. तुमच्या बाबांचं तसं काही दिसत नाही. मागच्या महिन्याचं व्याज नऊ रुपयांनी कमी पडलंय हे त्यांनी पासबुकातून शोधून तुम्हाला ऐकवलंय, हे तुमच्याच पत्रात आहे.

कामांचा क्रम असा ठेवा. गॅसचा नंबर आधी, वितरकाकडे जाऊन याच आठवड्यात बदलता येईल, आणि पुढचा सिलिंडर बाबा स्वतः कोड सांगून घेतील. मग बँकेची फेरी. आधारला कोणाचा नंबर आहे तेही तपासा, तिथेही तुमचाच असेल तर आधार केंद्रावर बदलून घ्या. त्यासोबत आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे अंगठा वापरून कोणी परस्पर पैसे काढू शकणार नाही. फक्त ते लॉक असताना बाबांचाही अंगठा आणि चेहरा चालत नाही, तेव्हा नोव्हेंबरात दाखल्याच्या आधी आठवणीने उघडा. आणि पासबुक भरायला ते एसटीने जातात ते जाऊ द्या. पहाटेची गाडी पकडली तर ऊन लागत नाही, एवढं फार तर सुचवा.